आधी मोजपट्टी, मग टीव्ही: हॉलमध्ये होम थिएटर आणि गेमिंग बसवताना

आमच्याकडे सगळं उलट्या क्रमाने झालं. दिवाळीत आधी टीव्ही आला. मग सुताराकडून त्याच्या मापाचं टीव्ही युनिट करून घेतलं. मग पीएस ५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) आला, तो युनिटच्या कप्प्यात मावेना. मग साऊंडबार, आणि वर्षभराने तो विकून रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आणि पाच स्पीकर. तोवर हॉलला रंग लागून दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे मागच्या स्पीकरच्या वायरी आजही भिंतीवरून केसिंग पट्टीतून गेलेल्या दिसतात. टीव्ही युनिट दोनदा कापलं. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट: १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा, म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेल्या टीव्हीवर मी चार महिने ६० हर्ट्झनेच खेळत होतो, कारण केबल चुकीच्या भोकात खुपसली होती.

हे तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितोय. गृहीत धरलंय ते आपल्याकडचं नेहमीचं घर: टू बीएचके, दहा-अकरा फूट रुंद हॉल, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. वेगळी थिएटर रूम असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्यांच्याकडे बहुधा माणूस लावलेला असतो.

१. हॉल मोजा, खरेदी नंतर

मोजपट्टी घ्या आणि सोफ्यावर नेहमी बसता तसे बसा. डोळ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर इंचात मोजा. त्याला १.६ ने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या इंचाचा टीव्ही सिनेमासाठी नीट बसतो, म्हणजे पडदा नजरेच्या साधारण ३० अंशांत भरतो. माझं अंतर ९ फूट, म्हणजे १०८ इंच. उत्तर ६७. मी घेतला होता ५५. दुकानात तो अवाढव्य वाटला होता. दुकानात सगळेच टीव्ही अवाढव्य वाटतात, कारण आपण तीन फुटांवर उभे असतो. गेमसाठी याहून जवळ बसलं तरी चालतं, १.२ ने भागलं तरी हरकत नाही.

दुसरं माप उंचीचं. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून किती वर आहेत ते कोणाला तरी मोजायला सांगा. बहुतेकांचं ३८ ते ४२ इंचांत येतं. टीव्हीचा मध्य त्याच्या आसपास हवा. आपल्याकडे मात्र टीव्ही देवघरातल्या फोटोसारखा वर टांगायची पद्धत आहे, मग दोन तासांचा सिनेमा संपेपर्यंत मान धरते.

तिसरं माप स्पीकरचं. डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांपासून जितके लांब, साधारण तितकेच ते तुमच्या कानापासून लांब असावेत, म्हणजे समभुज त्रिकोण. ९ फुटांवर बसत असाल तर दोघांत सात ते नऊ फूट. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली, कानाकडे किंचित तोंड वर करून. मागचे दोन कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे, समोरच्या दिशेपासून सुमारे ११० अंशांवर, आणि कानापेक्षा फूट-दीड फूट वर.

आता खरी अडचण. आपला सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे ‘मागे’ असं काही उरतच नाही. तेव्हा मागचे स्पीकर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या अगदी शेजारच्या रेषेत भिंतीवर लावा. एका बाजूला बाल्कनीचं दार असेल तर तिथे स्टँड. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढता आला तर फारच उत्तम, कारण भिंतीला टेकून बसलं की खर्जाचा आवाज उगाच फुगतो. आमच्या घरी हा प्रस्ताव ‘मागे झाडू कोण मारणार’ या एका वाक्यात फेटाळला गेला.

२. भिंतीतले पाईप: रंगाच्या आधी

घर नवं असेल किंवा रंगकाम निघणार असेल तर ही पायरी सोडू नका. वायरमनला सांगायच्या गोष्टी:

- टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत किमान दीड इंची पीव्हीसी पाईप, काटकोनी एल्बो न लावता लांब वळणाचा. लाईटच्या वायरीचा नेहमीचा पाईप चालत नाही, कारण एचडीएमआयची (टीव्हीला चित्र आणि आवाज पुरवणाऱ्या केबलची) पिन त्यातून जात नाही. हे वायरमनला पिन हातात देऊन दाखवा. ‘जाईल हो साहेब’ यावर विसंबू नका.
- पाईपमध्ये एक मजबूत दोरी घालून ठेवा. उद्या केबल बदलायची झाली तर दोरीला बांधून ओढता येते.
- टीव्ही युनिटपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंपर्यंत स्पीकर वायरसाठी वेगळा पाईप. लाईटच्या वायरींबरोबर एकाच पाईपमध्ये स्पीकरची वायर कधीही घालू नका. घरघर ऐकू येते हे एक, आणि पुढे एखाद्या अनोळखी वायरमनने चुकीची जोडी कापली तर जिवावर बेतेल हे दुसरं.
- राऊटरपासून टीव्ही युनिटपर्यंत कॅट ६ ची लॅन केबल. एक नाही, दोन.

स्पीकर वायर १.५ चौरस मिलिमीटरची पुरते. पंधरा मीटरपेक्षा लांब जायचं असेल तर २.५ ची घ्या. वायर शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते, दिसायला अगदी तशीच. टोक ब्लेडने खरवडून पाहा, आत चंदेरी दिसलं तर परत करा. आणि बंडल हातात घेतल्यावर संशयास्पद हलकं वाटतं.

वायर, पिना, ब्रॅकेट यांसाठी पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड गाठा. मॉलमधल्या दुकानात ‘ऑडिओफाईल’ अशी सोनेरी चिठ्ठी लावून विकली जाणारी वायर घ्यायचं काहीही कारण नाही.

३. वीज आणि अर्थिंग

टीव्ही युनिटच्या मागे किमान सहा सॉकेट काढून घ्या: टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर, थोडक्यात सब), कन्सोल, सेट टॉप बॉक्स, राऊटर. एका एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन लावून आगगाडी करू नका. ‘वायरलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मागच्या स्पीकरनाही वीज लागतेच, त्यांच्याजवळही सॉकेट हवं. हे खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज तपासून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर आधी अर्थिंग नीट करा. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं भोक बऱ्याचदा नुसतं शोभेचं असतं. टीव्हीच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर समजा तुमच्याकडे तेच आहे.

सर्ज प्रोटेक्टर चांगला घ्या, पण त्याच्या भरवशावर वळवाच्या पावसात निर्धास्त राहू नका. मे महिन्यात ढग गडगडायला लागले की सगळ्या पिना काढा, केबलवाल्याची गच्चीवरून येणारी वायर आणि लॅनसुद्धा. वीज सॉकेटमधूनच घरात येते असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर लॅनच्या वाटेने टीव्हीचा बोर्ड गेला होता.

रिसीव्हर आणि सबवूफर घरच्या इन्व्हर्टरवर टाकू नका. राऊटर टाका, तो चालत राहिला तर घरचे तुम्हाला दुवा देतील.

४. आवाजावर आधी खर्च करा

इथे माझं मत ठाम आहे. एकूण पैशांपैकी निम्मे आवाजासाठी बाजूला काढा आणि मगच टीव्हीच्या दुकानात पाय ठेवा. चित्रातला फरक पहिल्या आठवड्यात जाणवतो आणि नंतर डोळा सरावतो. आवाजाचं तसं नाही. आमची आई साऊंडबारच्या काळात रोज म्हणायची, ‘हा बोलतोय काय ते ऐकू येत नाही, आणि गाडी आली की कानठळ्या.’ तिची तक्रार तंतोतंत बरोबर होती. सिनेमातले संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. तो वेगळा नसला किंवा अगदी किरकोळ असला की सगळा आवाज एकमेकांत मिसळतो, मग रिमोट हातात धरूनच सिनेमा बघावा लागतो.

तीन वाटा आहेत. पहिली साऊंडबार: लहान हॉल, भाड्याचं घर, वायरी नकोत, तर हीच. फक्त वेगळा सबवूफर असलेला घ्या. दुसरी: एका खोक्यात मिळणारा पाच स्पीकरचा तयार संच. यात काही बिघडलं की सगळंच अडतं, कारण त्याच्या पिना दुसऱ्या कशाला जुळत नाहीत. तिसरी: वेगळा एव्ही रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर. महाग, पण टप्प्याटप्प्याने करता येतं. आधी रिसीव्हर आणि समोरचे दोन, सहा महिन्यांनी मधला, मग सबवूफर, शेवटी मागचे दोन. मला आज कोणी विचारलं तर हीच वाट सांगेन.

इथले सापळे नीट वाचा.

खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराची, फुगवून सांगितलेली ताकद) लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका. चार हजार वॅट पीएमपीओ म्हणजे प्रत्यक्षात काहीही असू शकतं. आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा विचारा, आणि तो किती स्पीकर एकाच वेळी चालू असताना मोजलाय तेही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाईकाकडून रिसीव्हर मागवू नका. अमेरिकेत विकले जाणारे रिसीव्हर साधारणपणे १२० व्होल्टचेच असतात. आपल्याकडे २३०. उत्साहाच्या भरात थेट सॉकेटला लावला तर एक ‘फट’ आवाज येतो आणि विषय संपतो. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो वजनदार, गरम होणारा, आणि वॉरंटी इथे बहुधा मिळत नाही. कन्सोलची गोष्ट वेगळी, पीएस ५ चा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टवर चालतो. गेमची डिस्कही कुठलीही चालते, मात्र त्या गेमचे ऑनलाइन विकत घ्यायचे जादा भाग डिस्क ज्या देशाची त्याच देशाच्या खात्यावर घ्यावे लागतात. सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कला विभागाचं कुलूप असतं: अमेरिका ‘ए’ विभागात, भारत ‘सी’ विभागात. फोर-के डिस्कला ते कुलूप नाही.

छताकडून येणाऱ्या आवाजाचा, म्हणजे डॉल्बी ॲटमॉसचा मोह होईल. वरच्या दिशेने आवाज फेकून छतावरून परतवणारे स्पीकर चांगले चालतात, पण छत सपाट हवं. आपल्याकडचं पीओपीचं नक्षीकाम, मध्ये खाच, खाचेत एलईडी पट्टी, एका कोपऱ्यात पंखा, अशा छतावरून आवाज कुठे जाईल ते सांगता येत नाही. आधी पाच स्पीकर आणि सब नीट लावा.

५. टीव्ही घेताना दुकानात विचारायचे प्रश्न

‘पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती?’ हा पहिला. ‘मोशन रेट १२०’ वगैरे लिहिलेलं असतं ते सॉफ्टवेअरने केलेली सारवासारव असते, आत पॅनेल ६० हर्ट्झचं. गेमसाठी मूळ १२० हर्ट्झ हवं.

‘एचडीएमआय २.१ ची भोकं किती, आणि ईएआरसी कुठल्या भोकात?’ हा दुसरा, आणि खरा महत्त्वाचा. ईएआरसी म्हणजे टीव्हीतला आवाज त्याच केबलमधून उलट रिसीव्हरकडे पाठवायची सोय. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, म्हणजे फोर-के ६० हर्ट्झवर. २.१ मधून ४८ पर्यंत, म्हणजे फोर-के १२० हर्ट्झवर. पुष्कळ टीव्हींना चार भोकं असतात आणि त्यांतली दोनच वेगवान. बऱ्याचदा त्या दोनांतलंच एक ईएआरसीचं असतं. तिथे रिसीव्हर लावला की गेमसाठी एकच वेगवान भोक उरतं. दोन कन्सोल किंवा एक कन्सोल आणि गेमिंग पीसी असेल तर हे आजच कागदावर मांडा.

‘व्हीआरआर आणि एएलएलएम आहे का?’ व्हीआरआर असेल तर गेमचा वेग वरखाली झाला तरी चित्र फाटत नाही. एएलएलएम असेल तर कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर लगेच चित्र दाखवणाऱ्या सेटिंगमध्ये, जातो.

एचडीआरबद्दल (जास्त उजळ उजेड आणि जास्त गडद काळोख एकाच चित्रात दाखवायची पद्धत) एवढंच: स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो, पण तो दाखवण्याइतका उजेड त्याच्या पॅनेलमध्ये नसतो, म्हणून चित्र उलट काळपट दिसतं. ओलेडचा (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या पॅनेलचा) काळा रंग खरोखर काळा असतो, अंधाऱ्या हॉलमध्ये त्याला तोड नाही. पण दिवसभर बातम्यांची पट्टी चालू राहणाऱ्या घरात किंवा रोज सहा-सहा तास एकच गेम खेळणाऱ्याकडे पडद्यावर कायमचा डाग पडायचा धोका असतो. आमच्याकडे सकाळी सातपासून बातम्या असतात, म्हणून मी एलईडीच ठेवला.

३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिलात टक्केवारी बघून घ्या.

टांगण्याआधी भिंत ओळखा. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) असतात. बोटाच्या पेरानं ठोकल्यावर भरीव विटेसारखा ‘टक्’ न येता बोदा आवाज येतो, आणि ड्रिल लोण्यात घुसल्यासारखं घुसतं, पांढरी भुकटी पडते. अशा भिंतीत साधा प्लास्टिक गिट्टी-स्क्रू टीव्हीचं वजन धरत नाही. त्यासाठी वेगळे लांब अँकर मिळतात, ते आधीच आणून ठेवा. मोफत इन्स्टॉलेशनवाला मुलगा त्याच्या पिशवीत जे असेल तेच लावून जातो.

६. हाताशी काय लागेल

हत्यारं: मोजपट्टी, स्पिरिट लेव्हल, फिलिप्स पेचकस, वायर सोलायचा पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी, मार्कर, टॉर्च, वेल्क्रोच्या पट्ट्या. झिप टाय नको, ते प्रत्येक बदलाला कापावे लागतात.

कागद: प्रत्येक वस्तूचं बिल, त्यावर सिरियल नंबर टाकून घेतलेला. वॉरंटी कार्ड. इन्स्टॉलेशन झाल्याची पावती. ड्रिलिंगसाठी सोसायटीची परवानगी लागत असेल तर ती, आणि दुपारची विश्रांतीची वेळ कोणती ते विचारून घ्या. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडायला घरमालकाची हो, तोंडी नाही, मेसेजवर.

खोकी आणि थर्माकोल निदान महिनाभर टाकू नका. परत द्यायची वेळ आली की त्याच खोक्यावरून वाद होतो.

७. जोडणी

सगळं बंद, पिना सॉकेटबाहेर, मग सुरुवात.

स्पीकरच्या वायरीचं टोक साधारण अर्धा इंच सोला, तारा घट्ट पिळा, लाल ते लाल, काळं ते काळं. एकाचीच उलट झाली तर आवाज पातळ आणि दिशाहीन होतो आणि कारण सापडत नाही. आता जवळून बघा: रिसीव्हरच्या मागे लाल आणि काळ्या खुंटीत बोटभरही जागा नसते. माझ्याकडे केसासारखी एकच तार सुटून शेजारच्या खुंटीला टेकली होती. रिसीव्हर सुरू व्हायचा आणि चार सेकंदांत ‘टक्’ करून बंद. दोन दिवस मी सर्व्हिस सेंटरला फोन लावत होतो. शेवटी बायकोने टॉर्च मारून ती तार दाखवली. तुम्ही बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायची पिन) लावा, हा प्रश्नच मिटतो.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून त्यावर नाव लिहा. आज सगळं आठवतंय, पुढच्या गणपतीत मखरासाठी युनिट हलवाल तेव्हा आठवणार नाही.

आता कन्सोल कुठे लावायचा? रिसीव्हर एचडीएमआय २.१ चा असेल तर कन्सोल रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला. रिसीव्हर जुना, २.० चा असेल तर कन्सोल थेट टीव्हीच्या वेगवान भोकात, आणि टीव्हीच्या ईएआरसीमधून आवाज रिसीव्हरला. रिसीव्हरलाही ईएआरसी हवं. साध्या एआरसीमधून न दाबलेल्या आवाजाचे दोनच चॅनेल जातात, मग पाच स्पीकर असूनही गेम समोरूनच ऐकू येतो. अशा वेळी कन्सोलच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डॉल्बी निवडा, त्यात दाबलेल्या रूपात सगळ्या स्पीकरचा आवाज जातो.

एचडीएमआय केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणपत्र असलेली घ्या, खोक्यावर स्कॅन करता येणारी चिठ्ठी असते. साधी केबल तीन मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय लागते, आणि तिला दिशा असते: एक टोक कन्सोलचं, एक टीव्हीचं. भिंतीतून ओढण्याआधी कुठलं टोक कुठे ते दोनदा बघा. एकदा तरी जमिनीवर पसरून चालवून बघा.

रिसीव्हरला श्वास घ्यायला जागा द्या. वर निदान चार-सहा इंच मोकळे आणि कप्प्याची मागची पाठ कापलेली. सुतार पाठीला सनमायका लावून दाखवतो, दिसतं छान. आमचा रिसीव्हर एप्रिलमध्ये दर अर्ध्या तासाने बंद पडत होता तो या सनमायकामुळेच. पीएस ५ लाही हेच लागू.

सगळं लावल्यावर घों असा सतत आवाज आला तर घाबरू नका. केबलवाल्याची गोल वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर दोष तिच्या अर्थिंगचा, तुमच्या स्पीकरचा नाही.

८. सेटिंग: इथेच माझे चार महिने गेले

टीव्हीमध्ये वेगवान भोक मुद्दाम सुरू करावं लागतं. सोनीमध्ये त्याला एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट म्हणतात, तिथे एन्हान्स्ड निवडा. सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये एचडीएमआय डीप कलर. ज्या भोकात कन्सोल आहे त्याच भोकासाठी.

मग पीएस ५ मध्ये स्क्रीन अँड व्हिडिओमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट इन्फॉर्मेशन उघडा. खरा आकडा तिथे दिसतो, खोक्यावर काय छापलंय ते महत्त्वाचं नाही. १२० हर्ट्झ उपलब्ध नाही असं दिसलं तर क्रमाने तपासा: भोक, टीव्हीचं सेटिंग, केबल, रिसीव्हर. आणि गेम प्रीसेटमध्ये परफॉर्मन्स मोड निवडा. सगळे गेम १२० वर चालत नाहीत, त्यामुळे एकावर दिसलं नाही म्हणून सगळं उसकटू नका.

एचडीआरची जुळणी गेम मोड लावल्यानंतर करा, आधी नाही. आवाजात एचडीएमआय डिव्हाइस म्हणून एव्ही ॲम्प्लिफायर आणि ५.१ चॅनेल (पाच स्पीकर आणि एक सब) निवडा.

सिनेमासाठी फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. नसेल तर मोशन स्मूदिंग बंद, रंग ‘वॉर्म’. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. तिसऱ्या दिवशी जुनं चित्र निळं वाटायला लागेल. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्हीने मध्ये स्वतःची चित्रं घुसवली की तो दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

मूळ पीएस ५ मध्ये ८२५ जीबीपैकी वापरायला ६६७ च मिळतात. शंभर-शंभर जीबीचे पाच-सहा गेम टाकले की संपलं. आत जादा एम.२ एसएसडी (गेम साठवायची छोटी पट्टी) बसवता येते, पण हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारं धातूचं आवरण) असलेली आणि सेकंदाला ५,५०० एमबी वाचणारी घ्या. इतकं सगळं डाउनलोड वायफायवर करण्यापेक्षा भिंतीतली ती लॅन केबल लावा.

९. आवाज जुळवणं

रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवरही ठेवू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा. पंखा, एसी, फ्रीज बंद. कुकरची शिट्टी होणार नाही अशी वेळ निवडा. आमची पहिली जुळणी दोडक्याच्या भाजीने वाया गेली.

जुळणी झाल्यावर मेनूत जाऊन बघा. स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ (इथे हर्ट्झ म्हणजे आवाजाची सेकंदातली कंपनं) ठेवा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबकडे जाईल. अगदी छोटे स्पीकर असतील तर १०० ते १२०. सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल, ते तसंच राहू द्या. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो, त्याची ती भरपाई आहे. मधला स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवा. आईची तक्रार इथे संपली.

सब कुठे ठेवायचा याची एक जुनी युक्ती आहे. सब उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ढोलासारखा एकसारखा खर्ज वाजवा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा, कान जमिनीजवळ. एका ठिकाणी आवाज गुरगुरतो, दोन फुटांवर नाहीसा होतो, मग एका जागी घट्ट आणि स्वच्छ ऐकू येतो. ती सबची जागा. हे करताना दार लावून घ्या. मी टीपॉयखालून बाहेर येत असताना दूधवाला आत डोकावला होता.

१०. रात्री दहानंतर

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण प्रश्न नियमांपेक्षा स्लॅबचा असतो. संवाद शेजारी जात नाहीत, खर्ज जातो, तोही खालच्या घरात. सबखाली जाड फोम किंवा रबराच्या चकत्या घाला, म्हणजे जमिनीची थरथर कमी होते. रिसीव्हरमध्ये नाईट मोड असतो, तो स्फोट दाबतो आणि कुजबुज वर आणतो. एकटेच खेळत असाल तर हेडफोनची वायर सरळ कंट्रोलरच्या खालच्या भोकात लावा.

मी शेवटी खाली जाऊन काकांशी बोललो. एका रविवारी त्यांना फोन लावून ठेवला, वर एक लढाईचं दृश्य चालू केलं आणि रिसीव्हरचा आवाज एकेक पायरी वाढवत गेलो. ‘आता येतोय रे,’ असं ते म्हणाले तिथून तीन डेसिबल खाली आलो. तो आकडा युनिटच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलाय: उणे २८.